संगणकातील प्राणी आणि दिल्लीचे पांढरे वाघ

दिल्लीच्या पुराण्या किल्ल्याला लागून राष्ट्रीय प्राणि-उद्यान वसले आहे. १ नोव्हेंबर १९५९ रोजी ते लोकांसाठी खुले झाले. तेथे येणाऱ्या शाळकरी मुलांची पावले ज्या आवाराकडे हमखास वळत आली आहेत, ते पांढऱ्या वाघांचे होय. पांढरी कातडी, तीवर गडद पट्टे आणि निळसर डोळे असे हे जनावर एकदा पाहिले म्हणजे सहसा विसरत नाही. ज्या मुलाने ते पाहिले, त्याच्या घरी आजकाल दुसऱ्याही एका प्रकारचे प्राणी असण्याचा संभव आहे. हे प्राणी संगणकाच्या किंवा दूरध्वनीच्या पडद्यावर राहतात. त्यांना खाऊ घालावे लागते, त्यांची जोडी जमविता येते, आणि त्यांना पिलेही होतात.

एक प्राणी रक्तमांसाचा, दुसरा केवळ आकड्यांचा. या दोहोंत साम्य ते काय असणार, असे प्रथमदर्शनी वाटेल. परंतु एक महत्त्वाचे साम्य आहे. दोन्ही ठिकाणी कोणत्या नराची जोडी कोणत्या मादीशी जमवावी, हे माणूस ठरवितो. रानात हा निर्णय निसर्गाचा असतो. पिंजऱ्यात आणि पडद्यावर तो माणसाच्या हाती येतो. या निर्णयाचे परिणाम काय होतात, ते या दोन उदाहरणांच्या आधारे पाहू.

आकड्यांचा प्राणी

१९९६ च्या नोव्हेंबरात जपानमधील बांदाई या कंपनीने तामागोची नावाचे खेळणे बाजारात आणले. अंड्याच्या आकाराच्या या लहानशा यंत्रावर एक पडदा आणि तीन कळा होत्या. पडद्यावर एक चिमुकला जीव अंड्यातून बाहेर येई. त्याला वेळोवेळी भरवावे लागे, त्याची घाण काढावी लागे, तो आजारी पडल्यास औषध द्यावे लागे. हयगय झाली तर तो मरे.

हा जीव जगतो कसा? यंत्राच्या स्मृतीत 'भूक' या नावाची एक संख्या साठविलेली असते. ठराविक वेळाने ती संख्या बदलते; भरविण्याची कळ दाबली की ती पुन्हा पूर्वस्थितीवर येते. प्रकृती, आनंद, वय यांच्याही अशाच संख्या असतात. या संख्या परस्परांवर कशा परिणाम करतात, याचे नियम रचणाऱ्याने आधीच लिहून ठेविलेले असतात. म्हणजे आभासी प्राणी हा वस्तुतः काही संख्या आणि काही नियम यांचा संच होय.

याच वर्षी इंग्लंडमध्ये स्टीव्ह ग्रँड यांनी रचलेला 'क्रीचर्स' हा खेळ प्रसिद्ध झाला. त्यातील नॉर्न नावाच्या प्राण्यांची रचना बरीच पुढची होती. त्यांना संगणकातच मज्जातंतूंच्या जाळ्यासारखा मेंदू दिलेला होता. भूक, वेदना, थकवा या भावना शरीरात कमीअधिक होणाऱ्या रसायनांच्या रूपाने मांडल्या होत्या. मुख्य गोष्ट ही की, मेंदू व रसायने यांची घडण जनुकांच्या एका यादीवरून ठरत असे. जनुक म्हणजे आईबापांकडून संततीकडे जाणारा, एखाद्या गुणाचा लेख. दोन नॉर्नांची जोडी जमली की दोन्ही याद्यांतील तुकडे मिसळून पिलाची नवी यादी तयार होई. मधूनच एखाद्या जनुकात आकस्मिक बदलही घडे. खेळणाऱ्या मंडळींनी आपापले नॉर्न आंतरजालावरून एकमेकांना पाठविले आणि दूरदूरच्या घरांतील प्राण्यांचे वंश एकत्र आले.

२०१७ च्या नोव्हेंबरात आलेल्या 'क्रिप्टोकिटीज' या खेळात लोकांनी पडद्यावरील मांजरे पैसे मोजून विकत घेतली. या मांजरांच्या प्रत्येक लक्षणासाठी एक प्रकट जनुक असे आणि तीन जनुके दडलेली असत. दिसायला साध्या असणाऱ्या मांजरीच्या पिलांत एखादे दुर्मिळ लक्षण अचानक प्रकट होई, ते या दडलेल्या जनुकांमुळे. असे लक्षण मिळावे म्हणून लोक पिढ्यान् पिढ्या जोड्या जुळवीत. हेच काम रक्तमांसाच्या प्राण्यांवर केले असता काय होते, ते पाहण्यासाठी आता विंध्याच्या रानात जावे लागेल.

मोहनची कहाणी

१९५१ च्या मे महिन्यात रेवा संस्थानच्या पूर्वीच्या मुलखात शिकारीच्या वेळी वाघाचा एक पांढरा बछडा हाती लागला. रेव्याचे महाराज मार्तंडसिंह यांनी त्याला गोविंदगड येथील वाड्यात ठेविले. त्याचे नाव मोहन. मोहन मोठा झाल्यावर त्याच्यासोबत बेगम नावाची नेहमीच्या पिवळ्या रंगाची वाघीण ठेवण्यात आली. तिला बछडे झाले, परंतु त्यांत एकही पांढरा निघाला नाही.

याचे कारण मेंडेलच्या नियमांवरून समजते. प्राण्याच्या शरीरात प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली व एक बापाकडून आलेली. पिवळ्या रंगाची प्रत प्रभावी आहे. ती एक जरी असली तरी वाघ पिवळा दिसतो. पांढऱ्या रंगाची प्रत अप्रभावी आहे. दोन्ही प्रती तशा असतील तरच वाघ पांढरा होतो. मोहनच्या दोन्ही प्रती पांढऱ्या होत्या आणि बेगमच्या दोन्ही पिवळ्या असाव्यात. त्यामुळे प्रत्येक बछड्याला एक पांढरी आणि एक पिवळी प्रत मिळाली. सारे बछडे पिवळे दिसले, परंतु पांढरेपणा प्रत्येकात दडून राहिला.

या बछड्यांपैकी राधा नावाची मादी वयात आल्यावर तिची जोडी तिच्या बापाशी, म्हणजे मोहनशीच जमविण्यात आली. १९५८ च्या ऑक्टोबरात तिला एका वेतात चार बछडे झाले. एक नर व तीन माद्या, चारही पांढरे. त्यांची नावे राजा, राणी, मोहिनी आणि सुकेशी. मोहनकडून प्रत्येक बछड्याला पांढरी प्रत मिळणार हे निश्चित होते. राधेकडून ती मिळण्याची शक्यता निम्मी होती. एका बछड्याच्या बाबतीत शक्यता एक द्वितीयांश, तेव्हा चारही बछडे पांढरे असण्याची शक्यता एक षोडशांश. सोळांत एकदा घडणारी गोष्ट पहिल्याच वेतात घडली.

मोहिनी १९६० मध्ये अमेरिकेला गेली. त्या वर्षीच्या डिसेंबरात वॉशिंग्टन येथे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी तिचे स्वागत केले. राजा आणि राणी दिल्लीच्या प्राणि-उद्यानात आले. तेथे या भावंडांचीच जोडी जमली. दोघांच्याही ठिकाणी पिवळी प्रत मुळीच नसल्याने त्यांची संतती पांढरीच होणार, याविषयी शंका नव्हती. रंगापुरता विचार केला तर हा प्रयोग पूर्णपणे यशस्वी झाला.

रंगापलीकडचा हिशेब

परंतु वाघ म्हणजे केवळ रंग नव्हे. त्याच्या शरीरात सुमारे वीस हजार जनुके असतात. जोडी जमविताना माणसाची दृष्टी एका जनुकावर होती. इतर सर्व जनुके मात्र त्याच्याबरोबर नकळत पुढे जात होती.

या इतर जनुकांचे काय झाले, याचा हिशेब साध्या अंकगणिताने मांडता येतो. मोहन आणि बेगम यांचे परस्परांशी काही नाते नव्हते, असे धरू. आता राजाच्या शरीरातील कोणतेही एक जनुक घ्या. त्याची एक प्रत मोहनकडून आली, दुसरी राधेकडून. राधेने दिलेली प्रत मूळची मोहनचीच असण्याची शक्यता एक द्वितीयांश. ती तशी असली तर मोहनने राजाला नेमकी तीच प्रत दिली असण्याची शक्यता पुन्हा एक द्वितीयांश. म्हणून दोन्ही प्रती मोहनच्या एकाच प्रतीची नक्कल असण्याची शक्यता एक चतुर्थांश, म्हणजे शेकडा २५. या संख्येस अंतःप्रजननाचा गुणांक म्हणतात.

राजा व राणी यांच्या बछड्यांचा गुणांक असाच काढता येईल. राजाने दिलेली प्रत आणि राणीने दिलेली प्रत यांच्या उगमाचे तीन प्रकार संभवतात. दोन्ही मोहनपासून आल्या असतील, याची शक्यता एक चतुर्थांश; त्या एकच असण्याची निम्मी; गुणाकार एक अष्टमांश. दोन्ही राधेपासून आल्या असतील, तर तसाच आणखी एक अष्टमांश. एक मोहनपासून व दुसरी राधेपासून आली असेल, याची शक्यता एक द्वितीयांश. राधा मोहनची कन्या असल्याने त्या एकच असण्याची शक्यता एक चतुर्थांश. गुणाकार पुन्हा एक अष्टमांश. तिन्हींची बेरीज तीन अष्टमांश, म्हणजे शेकडा साडेसदतीस.

या संख्येचे महत्त्व काय? प्रत्येक प्राण्याच्या शरीरात काही सदोष प्रती दडलेल्या असतात. जोडीची दुसरी प्रत निर्दोष असेपर्यंत त्यांचा उपद्रव होत नाही. जवळच्या नात्यातील प्राण्यांची जोडी जमविली की सदोष प्रतीला तिचीच नक्कल भेटण्याचा संभव वाढतो आणि दडलेला दोष उघडा पडतो. १९७९ मध्ये वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय प्राणिसंग्रहालयातील कॅथरीन रॉल्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी खुरांच्या प्राण्यांच्या १६ जातींच्या नोंदी तपासल्या. त्यांपैकी १५ जातींत नात्यातील जोड्यांची पिले इतर पिलांपेक्षा अधिक प्रमाणात लहानपणीच दगावली होती. आपल्याकडील जाणता शेतकरी गावचा वळू काही वर्षांनी बदलतो, त्याच्याच कालवडींवर त्याला सोडीत नाही; या रिवाजातील शहाणपण येथे आकड्यांत दिसून येते.

पांढऱ्या वाघांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. त्यांच्यात तिरळेपणा वारंवार आढळतो.  १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसून आले की, पांढऱ्या वाघाच्या डोळ्यांपासून मेंदूकडे जाणाऱ्या तंतूंची मांडणीच वेगळी असते. शरीरात रंगद्रव्य कमी असले म्हणजे डोळ्यांतील तंतूंच्या वाटा चुकतात, हे सयामी मांजरांतही आढळले आहे. तेव्हा हा दोष मुख्यतः रंगाशी निगडित आहे, आणि वर सांगितलेले दोष नात्यातील जोड्यांशी. या दोन कारणांची गल्लत करू नये. २०१३ मध्ये चिनी शास्त्रज्ञांच्या एका गटाने पांढऱ्या रंगाला कारण होणारा जनुकातील बदल शोधून काढला. एका प्रथिनातील केवळ एका अमिनो आम्लाच्या बदलामुळे हा रंग येतो. रानात पूर्ण वाढीचे पांढरे वाघ आढळत असत, यावरून हा रंग स्वतः प्राणघातक नाही, हेही स्पष्ट होते. खरी हानी झाली ती थोड्या प्राण्यांतूनच पुनःपुन्हा संतती घेतल्यामुळे. अमेरिकेतील प्राणिसंग्रहालयांच्या संघटनेने २०११ मध्ये आपल्या सभासदांना, असे दुर्मिळ अप्रभावी लक्षण मिळविण्यासाठी मुद्दाम प्रजनन करण्यास मनाई केली.

यंत्र मागितले तेवढेच देते

आता पुन्हा पडद्यावरील प्राण्यांकडे वळू. क्रिप्टोकिटीजमध्ये आईबापांची पिलांशी किंवा सख्ख्या भावंडांची आपसात जोडी जमविता येत नाही. तसा नियमच लिहिलेला आहे. प्रत्येक प्रजननानंतर मांजरीला विश्रांती घ्यावी लागते आणि हा विश्रांतीचा काळ उत्तरोत्तर वाढत जातो. म्हणजे दिल्लीच्या पिंजऱ्यात जे घडले, ते या खेळात घडूच शकत नाही. परंतु हा नियम काढून टाकला तरी आकड्यांच्या मांजरीला काहीही इजा होणार नाही. तिच्या ठिकाणी सदोष प्रती दडलेल्या नाहीत, कारण त्या कोणी लिहिल्याच नाहीत. ती तिरळी होणार नाही, कारण रंग आणि दृष्टी यांचा संबंध तेथे मांडलेला नाही.

याच तत्त्वाची दुसरी बाजू १९९४ मध्ये कार्ल सिम्स या अमेरिकी शास्त्रज्ञाच्या प्रयोगांत दिसली. त्यांनी संगणकात ठोकळ्यांचे बनलेले आभासी प्राणी निर्माण केले आणि चांगले पोहणारे, चांगले चालणारे प्राणी निवडून त्यांच्यापासून पुढील पिढ्या घेतल्या. काही पिढ्यांनंतर मासळीसारखे व सापासारखे पोहणारे जीव कोणीही न आखता तयार झाले. परंतु जमिनीवरील वेगाची कसोटी लावली तेव्हा काही प्राणी नुसतेच उंच वाढले आणि धाडकन आडवे पडले. पडताना त्यांना वेग मिळाला, आणि कसोटी वेगाचीच होती! निवड करणाऱ्याच्या मनात चालणे होते. कसोटीत मात्र वेग एवढाच शब्द होता.

गोविंदगडात आणि दिल्लीत कसोटी रंगाची होती. रंग मिळाला. फरक इतकाच की, संगणकातील ठोकळे आडवे पडल्याने कोणाला वेदना झाल्या नाहीत. पिंजऱ्यात जन्मलेल्या बछड्यांना मात्र कसोटीत न लिहिलेल्या गोष्टींची किंमत आपल्या देहाने मोजावी लागली.

वंशावळीची वही

यावरून आभासी प्राणी निरुपयोगी आहेत, असा निष्कर्ष काढणे चूक ठरेल. पिंजऱ्यातील प्राण्यांचे वंश राखण्याचे आजचे शास्त्र बऱ्याच अंशी आभासी प्राण्यांवरच उभे आहे. प्रत्येक प्राण्याचा जन्म, आईबाप, स्थलांतर व मृत्यू यांची नोंद ज्या वहीत ठेवितात, तिला वंशावळीची वही म्हणता येईल. रानटी जातीसाठी अशी पहिली वही युरोपातील गव्याकरिता १९३२ मध्ये प्रसिद्ध झाली. हा प्राणी तेव्हा रानातून नाहीसा झाला होता. भारतात प्राणिसंग्रहालयांवर देखरेख करणारे केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण १९९२ मध्ये स्थापन झाले. त्याचे कार्यालय दिल्लीत आहे. या प्राधिकरणासाठी डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था अनेक जातींच्या राष्ट्रीय वह्या तयार करते.

वहीतील नोंदी संगणकात घातल्या म्हणजे प्रत्येक खऱ्या प्राण्याची एक आभासी प्रतिमा तयार होते. तिच्या आधारे 'या दोघांची जोडी जमविली तर काय होईल?' हा प्रश्न प्राण्याला हात न लावता विचारता येतो. ज्याचे नातलग कळपात कमी, त्याला प्रथम जोडीदार द्यावा, हा नियम याच हिशेबातून निघाला.

लहान कळपाचे भवितव्यही असेच वर्तविता येते. प्रजननात भाग घेणारे प्राणी दहाच असतील, तर दर पिढीस जनुकांतील विविधतेचा शेकडा पाच इतका भाग नष्ट होतो. दहा पिढ्यांनी सुमारे शेकडा साठच उरते. हेच प्राणी पन्नास असतील, तर दर पिढीस शेकडा एक नष्ट होतो आणि दहा पिढ्यांनंतरही सुमारे शेकडा नव्वद शिल्लक राहते. म्हणूनच शहराशहरांतील प्राणिसंग्रहालये आपसात प्राण्यांची देवघेव करतात. मोहनच्या काळी ही गणिते ठाऊक नव्हती असे नाही. पण ती करून पाहण्याची गरज कोणाला वाटली नव्हती.

निगा राखणे म्हणजे काय

आभासी प्राण्याची निगा राखताना मुलाला नियमितपणाची सवय लागते. जोड्या जुळविताना अप्रभावी लक्षण एका पिढीत दडून दुसऱ्या पिढीत कसे उगवते, हेही त्याला समजते. जे पाहण्यास वाघाच्या बाबतीत सात वर्षे लागली, ते पडद्यावर एका दुपारी दिसते. हा लाभ लहान नाही.

परंतु तामागोचीतील जीव मेला तर कळ दाबताच नवे अंडे येते. दिल्लीच्या मे-जूनच्या उन्हात, पारा ४५ अंशांकडे चढत असता, वाघाला पाणी व सावली मिळाली नाही, तर ती चूक कोणत्याही कळीने दुरुस्त होत नाही. शिवाय आभासी प्राणी आपली भूक आकड्यांत सांगतो. वाघ सांगत नाही. त्याने सकाळचे मांस का टाकले, तो आज लंगडतो का, कोपऱ्यात का बसून राहतो, हे पिंजऱ्याची व्यवस्था पाहणाऱ्या सेवकाला रोज डोळ्यांनी पाहूनच ओळखावे लागते. पडद्यावरील प्राण्याविषयी जाणण्याजोगे सर्व काही कोणीतरी लिहून ठेविलेले असते. खऱ्या प्राण्याविषयी जे लिहिलेले आहे, त्यापेक्षा न लिहिलेले नेहमीच अधिक असते. म्हणून जोडी जमविण्याचा निर्णय ज्याच्या हाती आहे, त्याने हवे ते लक्षण मिळाले की नाही, एवढेच पाहून थांबता कामा नये; आपल्या वहीत कशासाठी रकाना नाही, हेही त्याने स्वतःला विचारले पाहिजे.

करून पाहा

दोन नाणी घ्या. छापा म्हणजे पिवळी प्रत, काटा म्हणजे पांढरी प्रत असे समजा. दोन्ही नाणी एकदम उडवा. ही राधेसारख्या पिवळ्या दिसणाऱ्या, पण पांढरेपणा दडलेल्या नर व मादीची जोडी होय. दोन्ही काटे आले तरच बछडा पांढरा. असे शंभर वेळा करून पांढरे बछडे मोजा.

त्यानंतर एक नाणे बाजूला ठेवून त्या जागी नेहमी काटाच धरा. ही मोहन व राधा यांची जोडी होय. चार-चार बछड्यांची पंचवीस वेते काढा आणि चारही बछडे पांढरे असलेली वेते किती निघतात ते पाहा.

प्रश्न

१. मोहन व बेगम यांच्या पिवळ्या बछड्यांत पांढरेपणा होता, असे कशावरून म्हणता येते?

२. राजाची जोडी बेगमसारख्या, नात्यात नसलेल्या पिवळ्या वाघिणीशी जमविली असती, तर बछड्यांचा रंग कोणता झाला असता? त्यांच्या अंतःप्रजननाचा गुणांक किती आला असता?

३. तुमच्या माहितीतील एखाद्या आभासी प्राण्याचे नियम लिहून काढा. खऱ्या प्राण्याच्या कोणत्या गरजा त्यांत लिहिलेल्या नाहीत?